अंगावरचं माप

“माझं माप घे. पण हात न लावता,” बाई म्हणाल्या आणि हॉलभर बायका हसल्या.

गिरगावातल्या एका महिला मंडळाचा हॉल. व्यासपीठावर शिवणक्लासच्या बाई उभ्या, त्यांच्यासमोर मी, माझ्या हातात मापाची टेप. खाली शे-दीडशे बायका. शेवटच्या रांगेच्याही मागं, भिंतीला लागून, माझ्याकडं शिवण शिकणाऱ्या सहा मुली उभ्या होत्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

मी काय केलं ते आधी सांगते. असलं कुणी सांगत नाही. मी तसं माप घ्यायला लागले. टेपची दोन टोकं धरली आणि बाईंच्या खांद्यापासून चार बोटं लांब, हवेत ताणली. मग पाठीमागं गेले. छातीचं मापही हवेतच. टेप सारखी खाली पडायची. उचलायला वाकले की हशा. मला वाटत होतं, ही परीक्षा आहे, आपण हुशार आहोत, जमेल आपल्याला. वीस वर्षांची होते. एवढी मूर्ख होते.

मी आकडा सांगितला. मग बाईंची एक विद्यार्थिनी पुढं आली. तिनं अंगाला टेप लावून माप घेतलं आणि आकडा मोठ्यानं वाचला. माझा तीन इंचांनी चुकला होता. टाळ्या पडल्या. तिला.

मला तिथं सत्काराला बोलावलं होतं. निदान निरोप तसा होता.

आमची चाळ डिलाईल रोडला. बाप गिरणीत होता, पण त्याला कधी मागावर घेतलं नाही. धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागायचा, आणि आमच्या तोंडचा धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा? म्हणून बाप जन्मभर सूत कातायच्या रिंगखात्यात राहिला, कमी पगारात. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि कळणं वेगळं.

चौथीनंतर माझी शाळा सुटली. धाकटी भावंडं सांभाळायला घरी कुणी नव्हतं. सोळाव्या वर्षी मी याच बाईंच्या शिवणक्लासात नाव घालायला गेले होते. सातवी पास लागते, असं दारातच सांगितलं. आडनाव विचारलं, आणि मग सातवी पास असतीस तरी जागा नाही, असंही सांगितलं.

मग मी स्वतःच शिकले. भांड्यांवर कपडे घेणाऱ्या बोहारणीकडून जुने ब्लाऊज, परकर, झबली मागून आणायची. टाका टाका उसवायची. सुटे झालेले तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं त्यांची आकृती काढायची. मग तेच तुकडे पुन्हा जोडायची. बाही उलटी लागली की परत उसव. दीड वर्षात मला कळलं की कापड खोटं बोलत नाही. जुना ब्लाऊज बघून मी सांगायचे, ही बाई कुठल्या कडेवर पोर घेते.

एक हातमशीन मिळवलं आणि खोलीत माझा धंदा सुरू केला. जिन्यात पाटी लावली: शिवण स्वतः शिका, पास-नापास नाही. चाळीचाळीत जाऊन आयांना सांगायचे, क्लासला जायची गरज नाही, तुमची पोरगी कपड्याकडूनच शिकेल. बायका म्हणायच्या, मास्तरीण नाही तर शिकवणार कोण, तुझं मशीन? मी म्हणायचे, हो, मशीनच. मी पैसे घ्यायचे ते मशीन वापरण्याचे. शिकवण्याचे नाही, कारण मी शिकवत नव्हते. मुलगी अडली की एवढंच म्हणायचे, “कुठं चुकलं ते तूच शोध.” रडायच्या. शोधायच्या.

गिऱ्हाईक गिरगावातल्या वाड्यांतूनही यायचं. म्हणजे बाई यायची नाही, मोलकरणीच्या हाती मापाचा ब्लाऊज यायचा. नवीन कापड आणि त्यात गुंडाळलेला जुना, नीट बसणारा ब्लाऊज. त्यावरून शिवायचं. मला त्याचा गर्व होता. सगळ्यांना सांगायचे, मला माणूस लागत नाही, हातही लावावा लागत नाही, नुसता ब्लाऊज द्या.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती तेव्हा. कापडाचे तागे आमच्या खोलीत येऊन पडायचे आणि मी आणि माझ्या मुली मोर्चासाठी पताका, फलक शिवून द्यायचो. पताकेला कुणी जात विचारली नाही. त्याच कामाबद्दल सत्कार आहे, मुलींनाही आण, असा मंडळाचा निरोप आला. आम्ही धम्म घेऊन वर्ष झालं नव्हतं. आईनं दीक्षेला नेसलेली तिची पांढरी साडी मला नेसवली.

आणि व्यासपीठावर बाईंनी माझी ओळख करून दिली ती अशी: “ही आपली एक भगिनी. चौथी शिकली आहे आणि क्लास काढून बसली आहे. हिचं म्हणणं, शाळा नको, बाई नको, सर्टिफिकेट नको. तर आपणही हिच्याकडून शिकू या.” मग टेप माझ्या हातात टाकली. टाकली, दिली नाही.

त्या विद्यार्थिनीसाठीच्या टाळ्या थांबल्यावर बाईंनी एक कागद काढला. गोड आवाजात वाचला. मी शिवण शिकवायला पात्र नाही, माझ्याकडच्या मुली यापुढे बाईंच्या क्लासात येतील, त्यांना सातवीची अट माफ. मलाही काम देणार होत्या. काजं-बटणं, मागच्या खोलीत. “मागच्या जिन्यानं यायचं फक्त,” त्या म्हणाल्या. “सही येते ना गं तुला? की तीही उसवून शिकायची आहे?”

पुन्हा हशा. मी मागं बघितलं, माझ्या मुलींकडं. मला वाटलं, त्यांच्या डोळ्यांत राग असेल. कुसुम माझी सगळ्यांत हुशार मुलगी. तिचा हात मशीनवर माझ्यापेक्षा सरळ चालायचा. हशा ओसरला तेव्हा ती बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“ताई, कर ना सही. आम्हाला सर्टिफिकेट मिळंल.”

तिचं काही चुकलं नव्हतं. ते मला आज कळतं.

मी पेन घेतलं नाही. टेप सरळ केली आणि बाईंच्या छातीभोवती घातली. हात लावून. दोन्ही हातांनी. पाठीवर टेप चपटी बसवली, पुढं आणून बोटानं दाबून धरली, जसं माप घेतात तसं. बाई अंग चोरायला लागल्या तेव्हा म्हटलं, “हलू नका. चुकेल.” मग एक खांदा मोजला, दुसरा मोजला.

“तुमच्या विद्यार्थिनीनं दोन इंच कमी सांगितलं,” मी म्हणाले. “तुम्हाला बरं वाटावं म्हणून. आणि तुमचा डावा खांदा उतरलाय. तुमच्या क्लासनं दोन्ही खांदे सारखे कापलेत, म्हणून ब्लाऊज काखेत ओढतो. घरी जाऊन उसवून बघा.”

मग हात आले. दंडाला, केसांना, आईच्या साडीला. मला हात लावायला त्या वेळी कुणाला काही वाटलं नाही. पायऱ्यांवरून ढकललं. माझी एक चप्पल वरच राहिली. बाई आत गेल्या. आंघोळीला, असं एकजण दुसरीला सांगत होती, मला ऐकू जाईल असं.

गिरगावातून सात रस्त्यापर्यंत एका चपलेवर आले, मग तीही काढून टाकली. भिंतीभिंतीवर मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे असं लिहिलेलं. मी वाचत होते आणि माझ्या डोक्यात मापाचा ब्लाऊज होता. दोन वर्षं मी त्यावरून शिवत होते आणि त्याला माझी करामत समजत होते. उसवून शिकले ती अक्कल माझी होती. पण माणूस न बघता शिवायचं, हे मी ठरवलेलं नव्हतं. त्यांनी हात लावू दिला नाही म्हणून मी तसं शिकले, आणि वर त्याची फुशारकी मारत होते. त्यांचा विटाळ मीच नीट घडी घालून सांभाळत होते.

दुसऱ्या दिवसापासून गिरगावातली कापडं परत मागवली गेली. कापलेलीसुद्धा. सहातल्या चार मुली बाईंकडे गेल्या, कुसुम सगळ्यांत आधी. तिला सर्टिफिकेट मिळालं. काचेत बसवून भिंतीला लावलं. तीन वर्षं त्या क्लासात काजं करत होती, मागच्या जिन्यानं. गिऱ्हाइकाचं माप एकदाही घेऊ दिलं नाही. मला तिची कीव आली नाही. माझीही येत नाही.

आई बरेच दिवस धड बोलली नाही. ताटात वाढायला काही नसलं की म्हणायची, “फिटली हौस हात लावायची? आता खा ती टेप.”

मी नियम केला. मोलकरणीच्या हाती आलेला मापाचा ब्लाऊज घ्यायचा नाही. जिला शिवून पाहिजे तिनं माझ्या खोलीत यायचं, माझ्यासमोर हात वर करून उभं राहायचं. उरलेल्या दोन मुलींनाही तेच सांगितलं: उसवून शिका, पण शिवाल ते माणसाच्या अंगावर माप घेऊन. जी नाही म्हणेल तिनं दुसरीकडे जावं. पहिलं वर्षभर जवळजवळ सगळ्या दुसरीकडेच गेल्या. मी नियम सोडला नाही. महाराष्ट्र झाला, दिवे लागले, पेढे वाटले. नियम होता तिथंच होता.

हे माझ्या अंगावरून गेलेलं आहे. मी डिलाईल रोडच्या चाळीतली, चौथी शिकलेली बाई.