लुलवा काही ट्रेलरमध्ये चढेना

घोड्यांचा ट्रेलर कितीही झाडा, कोपऱ्यातून चार काड्या गवत निघतंच. आमच्या बहारीनच्या तबेल्याच्या गोष्टींचंही तसंच. एक सांगून मोकळं व्हावं, तर खाली दुसरी दडलेली!

ऐंशी सालाच्या आसपास सखीरला नुसतं वाळवंट होतं. टेकाडावर घोडा चढवला की एकीकडे वाळू, दुसरीकडे समुद्राची निळी रेघ. आमचा मालक अबू खालिद दर शुक्रवारी हौशी मंडळींना तिथे फिरवायचा. घोडे ट्रेलरमधून जायचे. ट्रेलरची गाडी माझ्याकडे, घोडे कुडाळच्या दत्तारामकडे.

त्यातली लुलवा ही पांढरी घोडी म्हणजे दत्तारामचा जीव. आई मेलेलं शिंगरू त्याने बाटलीने दूध पाजून वाढवलं. गावी स्वतःची मुलगी झाली, ती मात्र त्याने फोटोतच पाहिली. लुलवा धावायला वारा! पण ट्रेलर दिसला की चारी पाय रोवून उभी.

* * *

पहिल्या खेपेला दत्ताराम तिला चालवतच सखीरला निघाला. मागून मी, रिकामा ट्रेलर घेऊन. पोलिसाने अडवलं.

"घोडा पैदल और गाडी खाली? क्यूं?"

मी म्हटलं, "साहब, गाडी नयी है. थोडी पुरानी होने दो, फिर बिठाएंगे!"

* * *

मग आले कुलकर्णी साहेब. पुण्याचे अकाउंटंट, राहायला गुदैबियात, घोड्यावरही टाय लावून बसणार! म्हणाले, "अहो, प्रेमाने घ्या तिला." आणि गुळाची ढेप घेऊन स्वतः ट्रेलरमध्ये शिरले.

लुलवाने मान लांब केली, गूळ खाल्ला, साहेबांचा टाय चाटला. मागचे पाय होते तिथेच!

मी म्हटलं, "साहेब, ही इथल्या आपल्या मराठी मंडळाची मेंबर दिसते. प्रसादाला पुढे, सतरंज्या उचलायला मागे!"

* * *

एकदा मीच ट्रेलरमध्ये लपून खिंकाळलो. वाटलं, आत सोबत आहे म्हणून तरी येईल. तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांनी ओ दिली, लुलवाने कानही हलवला नाही! पण कुलकर्णी साहेबांना वाटलं, घोडी चढली. त्यांनी धाडकन दार लावलं. अबू खालिद घाईत होता, गाडी त्यानेच काढली. मी आतून बोंबलतोय, ऐकतो कोण!

सखीरला त्याने दार उघडलं. "घोडी?"

"मफी, घोडी नहीं," मी म्हटलं. "ड्रायव्हर है!"

पाहुणे हसले, अबू खालिद नाही. "अगला जुम्मा. नहीं चढी तो खलास! समुंदर पार बेच दूंगा."

दत्तारामने त्या दिवसापासून जेवण टाकलं. मी इतक्या थापा मारल्या, पण गडी हसेना.

* * *

शुक्रवार उजाडला. घोडी विकत न्यायला माणूस येऊन उभा. दत्तारामने लुलवाच्या गळ्यातली दोरी काढून खाली टाकली, ट्रेलरसमोर नारळ ठेवला, लुलवाकडे तोंड करून डोळे मिटले आणि गावच्या देवळात घालतात तसं गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा महाराजा! ह्या लुलवाक गाडयेत चढूची बुद्धी दी रे महाराजा!"

आम्ही ओरडलो, "व्हय महाराजा!"

अबू खालिदने विचारलं, "क्या है?" मी म्हटलं, "दुआ." त्याने चपला काढल्या आणि हात पसरून उभा राहिला.

कोकणी गाऱ्हाणं ते, एका मागण्यावर थांबतंय होय! माझी दाढ, कुलकर्ण्यांचं प्रमोशन, सगळ्यांचा व्हिसा, सगळं देवाच्या कानावर घातलं. प्रत्येकाला "व्हय महाराजा!" आता पुणेकरही ओरडत होते.

आणि लुलवा हलली. एक पाय फळीवर. मग दुसरा. दत्तारामचे डोळे मिटलेलेच! अबू खालिदने तोंडावर बोट ठेवलं, त्याला थांबवू नका म्हणून.

"आणि ही नाय चढली," दत्तारामचा आवाज फाटला, "तर माकाय हिच्याबरोबर इकून टाक रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सवयीने आम्ही सगळेच ओरडलो. अबू खालिदसुद्धा!

दत्तारामने दचकून डोळे उघडले. समोर नुसती दोरी.

"लुलवा खंय गेली?"

अबू खालिदने डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसले.

"यल्ला, दत्ताराम! घोडी कब की अंदर है. बस, तू बाकी है!"