आखात नेमकं कुणाचं?

समुद्रावरच्या ऑफिसातले किस्से म्हणजे बुटातली वाळू. कितीही झटका, घरी येऊन सोफ्यावर सांडतेच! नव्वदच्या दशकात दुबईत आम्ही एका छोट्या मरीन सर्व्हे कंपनीत होतो: मी, मालवणचा सावंत आणि आमचे कराचीचे बॉस, कॅप्टनसाहेब.

*

एका रिपोर्टवर दोन पार्ट्यांच्या सह्या हव्या होत्या. शारजाचा शेठ म्हणाला, "अरेबियन गल्फ लिहा." इराणी जहाजमालक म्हणाला, "पर्शियन गल्फ! नाहीतर सही नाही." सावंतने दोन्ही खोडून लिहिलं, "द सेड सी." म्हणजे सदर समुद्र!

आता दोघंही गोंधळले. "म्हणजे कुठला?"

कॅप्टनसाहेबांनी पडदा सरकवला. "जो खिडकी से दिखता है!"

झाल्या सह्या.

*

उम्म अल कुवेनजवळ ओहोटीला आमची बोट एकदम थांबली आणि तिरकी झाली. सावंतने लाइफ जॅकेट चढवलं, देवाचं नाव घेतलं आणि रेडिओवर ओरडायला लागला, "बुडतोय, बुडतोय!" तेही मराठीत!

तेवढ्यात एक म्हातारा कोळी खांद्यावर जाळं टाकून समोरून चालत आला. पाणी त्याच्या गुडघ्याएवढं.

"यल्ला," तो म्हणाला, "उतरा."

*

होर्मुझवरून तणातणी सुरू झाली की पुण्याहून बाबांचा फोन यायचाच. "सामुद्रधुनी बंद करणार म्हणे. जगाचं तेल अडेल! तू आत आहेस की बाहेर?"

मी नकाशा काढला. "दुबई आत आहे, बाबा."

"मग कडी लावून घे!"

*

सावंतची आई व्हिजिटवर आली होती. अबू धाबीच्या समुद्रात समुद्रगाय असते हे ऐकून ती बोटीवर हळदकुंकू घेऊन आली. पाण्यातून राखाडी, मिशाळ, माशाच्या शेपटीचं धूड वर आलं. आजी बघतच राहिली.

सावंतची मुलगी म्हणाली, "आजी, इट्स नॉट अ काऊ! इट जस्ट ईट्स ग्रास अँड गिव्ह्ज मिल्क टू इट्स बेबी."

"मग गाय आणखी काय करते गं?"

*

त्या काळी व्हिसा बदलायला लोक समोर इराणच्या किश बेटावर जायचे. नवा व्हिसा आला की परत.

एकदा तेलगळतीनंतर किनाऱ्यावर एक काळा गोळा धडपडताना दिसला. पाणकावळा! सावंतने तो घरी नेला, बाथटबमध्ये भांड्यांच्या साबणाने धुतला, तारल्या भरवल्या. ऑफिसात रोज एकच प्रश्न, "जगेल ना रे?"

एका सकाळी आम्ही तो खोक्यातून किनाऱ्यावर आणला. एक पोलीस आला. "क्या है इसमें?"

सावंतने खोका उघडला. पक्षी वाळूवर गोंधळून उभा राहिला. मग त्याने पंख झाडले आणि उडाला, सरळ उत्तरेला. सावंतचे डोळे भरले.

ठिपका दिसेनासा होईपर्यंत पोलीस कपाळावर हात धरून बघत होता.

"किश?" त्याने गंभीरपणे विचारलं.

सावंत नाक पुसत म्हणाला, "जी. व्हिसा चेंज."