डब्यावरचं नाव

शाळेच्या जुन्या ग्रुपवर सकाळी निरोप आला. ‘श्री. दत्तात्रय जाधव यांच्या मातोश्रींचे दुःखद निधन. अंत्यविधी दुपारी औसा येथे.’ आमच्या ग्रुपवर जाधव पुष्कळ. मी हात जोडलेलं चित्र टाकलं आणि मेथी निवडायला बसले. संध्याकाळी आमच्या शाळेतल्या शेखबाईंचा फोन आला. “विमलताईला शेवटचं बघायला तुम्ही आल्या न्हाईत?” दत्तात्रय म्हणजे ताईंचा बंडू... मी त्याला लहानपणापासून बंडूच म्हणत आले. सकाळी निरोप वाचला तेव्हाच नांदेडहून निघाले असते तर वेळेत पोचले असते. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

औशाच्या मुलींच्या शाळेत ताई आणि मी दोघी शिकवायचो. धड्यात ‘पुरुषप्रधान’ शब्द आला की मी अर्थ फळ्यावर लिहून मोकळी व्हायचे: ज्या समाजात पुरुषाला मुख्य मानतात तो. ताई लिहायच्या नाहीत. मुलींना सांगायच्या, घरातल्या भांड्यांवरची नावं वाचून या. दुसऱ्या दिवशी मुली आजोबांचं, वडिलांचं, मामाचं नाव सांगायच्या. आईचं कुठंच नसायचं. “हाच अर्थ,” ताई म्हणायच्या, “आता लिहा.” हा शब्द भाषणात फेकणाऱ्यांची त्यांना भारी चीड. एकदा स्नेहसंमेलनाचे पाहुणे या शब्दावर तावातावानं बोलले आणि खाली बसताच उष्टा कप बायकोच्या हातात दिला. ताईंनी मला कोपरानं असं ढोसलं की माझाच चहा सांडला.

नंतर त्यांनी स्वतःच्या पगारातून स्टीलची भांडी घेतली, तेव्हा मी सोबत होते. नाव कोरणाऱ्यानं साहेबांचं नाव विचारलं. ताई म्हणाल्या, “घासते मी. नाव बी माझंच टाका.” त्यांचे यजमान माणिकराव पुढं कितीतरी दिवस त्यांना चिडवत होते, पण जेवायचे त्याच ताटात.

काल महिन्याच्या कार्यक्रमाचा निरोप आला. पुन्हा नुसतं ‘मातोश्री’. बंडू वाईट मुलगा नाही, आईचं त्यानं सगळं केलं. फक्त तिचं नाव घालायचं त्याला सुचलं नाही. मी खाली एवढंच लिहिलं, ‘विमल जाधव’. मग शेखबाईंनीही तेच लिहिलं.

दिवाळीत ताईंनी शेंगदाण्याची चटणी भरून दिलेला डबा माझ्या ओट्यावर आहे. चटणी कधीच संपली, डबा परत द्यायचा राहिला. त्यात मी काही भरत नाही. रोज धुऊन पालथा घालते. आता घासते मी, नाव त्यांचं.