सत्तर वर्षांची समीक्षा

माझी मुलगी अकरा वर्षांची असताना तिचं हृदय सत्तर वर्षांचं निघालं, आणि ते काम माझ्याच हातून झालं.

मुलीचं नाव समीक्षा. शेलूबाजारपासून थोडं आत आमचं गाव, गावाला लागून आमचं वांग्याचं, मेथीचं आणि सांभाराचं वावर. (सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्याला असलेल्या माझ्या भावाच्या बायकोला हे मी दरवेळी सांगते आणि ती दरवेळी इडलीचं भांडं काढते.) या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, समीक्षा पळायला शिकली. चालायला ती नंतर शिकली असं तिचे बाबा सांगतात. सहावीत तिची चारशे मीटरसाठी तालुक्याला निवड झाली, आणि त्या आनंदात तिच्या पुण्याच्या मामाने मनगटात घालायचं फिटनेसचं घड्याळ पाठवून दिलं. ते पावलं मोजतं, ठोके मोजतं, झोप मोजतं. वेळसुद्धा दाखवतं!

घरातलं मोबाईल खातं माझ्याकडे आहे. मी बारावी सायन्स आहे. (पास. कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.) ॲप घेतलं, नाव टाकलं, आणि त्याने जन्मतारीख विचारली.

आता आमच्या गावात जन्मतारीख ही फार सोयीची गोष्ट आहे. जे शाळेत गेले ते सगळे एक जुलैला जन्मले, कारण नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. जे शाळेत गेले नाहीत ते एक जानेवारीला जन्मले, कारण कार्ड काढताना कॉम्प्युटरवर तीच टाकली गेली. मी एक जुलैची, समीक्षाचे बाबा एक जुलैचे, त्यांचे दोन्ही भाऊ एक जुलैचे. त्या दोन भावांचं तर सालही एकच आहे, आणि ते जुळे नाहीत! माझ्या सासूबाई एक जानेवारीच्या.

खरी तारीख असलेलं आमच्या घरातलं पहिलं माणूस म्हणजे समीक्षा. खरी म्हणजे अगदी तास-मिनिटासकट. ती आठव्या महिन्यातच आली, दीड किलोची, आणि वाशिमच्या दवाखान्यात सतरा दिवस काचेच्या पेटीत राहिली. मी काचेला नाक लावून तिच्या छातीकडे बघत बसायचे. छाती वर झाली. खाली झाली. पुन्हा वर झाली. सतरा दिवस मी दुसरं काही पाहिलं नाही. म्हणून तिची तारीख मी शाळेतसुद्धा कोणाला बदलू दिली नव्हती.

तीच तारीख मी मोठ्या दिमाखात ॲपमध्ये टाकली. ॲप म्हणालं, तेरा वर्षांखालील व्यक्तीला खातं उघडता येणार नाही.

"म्हंजे?" समीक्षाचा चेहरा पडला.

"थांब. पालकांची परवानगी पाहिजे म्हणते ते. देते मी." मी दिली. तर ते म्हणालं, आपण पालक असल्याचं सिद्ध करा. सतरा दिवस काचेला नाक लावलं त्याची पावती मी कुठून आणू? तरी फोटो काढला, कार्ड दाखवलं, चार वेळा आलेले आकडे चार वेळा टाकले. अर्धा तास माझी उलटतपासणी घेऊन शेवटी ते म्हणालं की हे मॉडेल लहान मुलांसाठी नाहीच!

"मंग आधीच नाई सांगता येत होतं काय?" मी मोबाईलवर ओरडले. "पोट्टी मेथीचा भारा डोक्यावर आणते, तवा कोणी वय नाई विचारत. पावलं मोजाले तेरा वर्षं पाहिजे?"

"अवं, तेरा टाकून दे नं," समीक्षाचे बाबा भाकरी मोडता मोडता म्हणाले. "कोण पाह्यले येते?"

मी तेरा टाकलं. ॲप म्हणालं, तुम्ही आधी वेगळी तारीख दिली होती. घ्या! म्हणजे माझा ईमेल बाद. समीक्षाच्या बाबांचा ईमेल पीक विम्याच्या वेळी काढलेला, त्याचा पासवर्ड त्या सालच्या पिकाबरोबरच गेला होता. राहता राहिल्या सासूबाई. त्यांचा ईमेल त्यांच्या कार्डासाठी काढलेला, आणि पासवर्ड मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होता. मी नाव टाकलं देवकाबाई, तारीख टाकली कार्डावरची एक जानेवारी, वय भरलं सत्तर. ॲपने क्षणात दार उघडलं. 'स्वागत आहे, देवकाबाई!' खरं बोलले तर अर्धा तास उन्हात उभं केलं, खोटं बोलले तर पायघड्या!

"माह्यं नाव घेतलं काय वं त्यानं?" सासूबाई आतून बाहेर आल्या.

"हाव, आई. तुमच्या नावावर हाये ते."

"मंग मले काहून नाई देत?"

घड्याळ समीक्षाच्या हातात गेलं, पण मानपान सासूबाईंकडे राहिला. रोज सकाळी मोबाईल म्हणायचा, 'सुप्रभात देवकाबाई, आज चालायला जाणार ना?' आणि सासूबाई चहाची कपबशी खाली ठेवून त्याला उत्तर द्यायच्या, "हाव बापा, जाईन मी. गुडघा दुखून राह्यला, जराशी बसते." त्यांची तेवढी आस्थेने चौकशी आमच्यापैकी कोणी करत नव्हतं, हे मला मान्य करावं लागेल.

चार दिवस सुखात गेले. पाचव्या दिवशी मी वावरात मेथीच्या जुड्या बांधत होते, समीक्षा धुऱ्यावर पळत होती आणि माझ्या कमरेला खोचलेला मोबाईल एकदम किंचाळला. पाहते तर लाल अक्षरं. 'इशारा! तुमच्या वयाच्या मानाने तुमचे हृदय खूप जास्त आहे. त्वरित थांबा. डॉक्टरांना भेटा.'

हृदय खूप जास्त आहे! मी जुडी टाकली आणि पोरीच्या दिशेने पळत सुटले.

"समीक्षा! थांब! अवं थांब म्हणते नं!"

तिने मागे वळून पाहिलं. आई हात वर करून, बोंबलत, वांग्यातून धावत येतेय. तिला वाटलं माझ्यामागे साप लागलाय. ती आणखी जोरात पळाली! मोबाईलवरचा ठोक्यांचा आकडा वाढला. आकडा वाढला म्हणून मी ओरडत जोरात पळाले. मी जोरात पळाले म्हणून ती आणखी जोरात पळाली. एकशे ऐंशी, एकशे पंच्याऐंशी, एकशे नव्वद! शेवटी मी वांग्याच्या सरीत धपकन बसले तेव्हा कुठे ती थांबली आणि परत आली.

"काय झालं मम्मी? साप कुठी हाये?"

मी तिची छाती धरून बसले होते. आतून नुसतं धडधड, धडधड चाललेलं.

वाचणाऱ्याला एव्हाना सगळं कळलं असेल. मला नाही कळलं. सत्तर मीच टाकलं होतं, माझ्याच बोटाने, पाच दिवसांपूर्वी. पण काचेच्या पेटीपुढे बसलेल्या बाईला 'हृदय' हा शब्द दिसला की त्याच्या आगेमागचं काही दिसत नाही. बारावी सायन्स असली तरी.

घरी येऊन मी ॲप आणखी खोदलं (ही आणखी एक चूक). त्यात एक खाना होता, 'तुमचे शारीरिक वय'. त्यापुढे लिहिलं होतं, बावन्न.

"माय वं! माह्यी पोट्टी बावन्नची झाली!"

"बावन्न?" समीक्षाचे बाबा चाळीसचे आहेत. त्यांनी मोबाईल हातात घेऊन खालीवर केला. "म्हंजे आता मले तिच्या पाया पडा लागते काय?"

"तुमाले मस्करी सुचून राह्यली? तिचं काळीज थकलं म्हणते ते! आठव्या महिन्यातली पोर हाये, अर्धवट राह्यलं असंन काही आतमंदी. आजपासून पळणं बंद. तालुका बी बंद!"

शर्यतीला सहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी तिचे खेळाचे सर घरी आले. "ताई, पोरगी नंबर आणते हो. असं नका करू." मी त्यांना चहा दिला आणि नाही म्हटलं. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं, मी दुसऱ्यांदा चहा दिला. तिसऱ्यांदा ते उठलेच.

समीक्षा रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी रागावले असते, तिने पाय आपटले असते, आमचं ते नेहमीचं आहे. पण तिने बूट धुतले, वाळवले, कापडात बांधले आणि कोठीत ठेवून दिले. मग माझ्याजवळ येऊन बसली.

"मम्मी, मी पेटीतून निघाली नं?"

"हाव. निघाली नं बेटा."

"मंग तू काहून नाई निघत?"

मी मेथीला पाणी द्यायचं आहे असं सांगून वावरात गेले. मेथीला सकाळीच पाणी दिलं होतं. तिथे बसून मी पोटभर रडले. पोरगी खरं बोलत होती. पण खरं कळलं म्हणून भीती जाते का? दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन वाशिमची एसटी धरली. समीक्षाचे बाबा आले. घड्याळ आपल्या नावावर आहे म्हणून सासूबाईही आल्या, नवं लुगडं नेसून.

डॉक्टर तेच होते, पेटीच्या वेळचे. केस पांढरे झालेले. त्यांनी समीक्षाला झोपवलं, छातीला तारा लावल्या, मशीनमधून कागदाची पट्टी काढली आणि चष्म्यातून वाचली. मी देवाचं नाव घेत होते. (सगळ्याच देवांचं. पोहरादेवीला नवससुद्धा बोलून झाला होता.)

"ठणठणीत आहे."

"नाई हो डॉक्टरसाहेब! हे पाहा नं!" मी मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला.

त्यांनी वाचलं. बोटाने वर सरकवलं, पुन्हा वाचलं. "ही देवकाबाई कोण?"

"मी हाये बापा!" सासूबाई खुर्चीतून उठल्या आणि पदर सारखा केला.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मोबाईलकडे. "आजी, तुम्ही परवा चारशे मीटर सव्वा मिनिटात पळालात?"

"नाई बापा. परवा तं मी शेंगा फोडून राह्यली होती."

तिथे, त्या क्षणी, माझ्या डोक्यात उजेड पडला. कॅलेंडर, पासवर्ड, एक जानेवारी, सत्तर, सगळं ओळीने आलं. जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण दवाखान्याला फरशी होती.

"वय कोणी भरलं?" डॉक्टरांनी विचारलं.

समीक्षाच्या बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पंधरा वर्षांच्या संसारात हा माणूस इतक्या चपळाईने कधी हलला नव्हता.

"मी भरलं," मी म्हटलं. "ते अकरा घेत नव्हतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अहो, सत्तर वर्षांची बाई अशी पळाली तर घड्याळ काय, मीसुद्धा किंचाळेन! लहान मुलांचे ठोके पळताना एवढे वाढतातच. वाढलेच पाहिजेत. या घड्याळाचा अंदाज मोठ्या माणसांचा असतो, म्हणून तर ते वय विचारतं. ते द्या आजींना. हिला पळू द्या."

मी मान खाली घालून बसले होते. निघताना ते म्हणाले, "तुम्ही त्याच ना? रोज काचेवर नाकाचा डाग पाडायच्या? आमच्या सिस्टर पुसून पुसून कंटाळल्या होत्या."

मी हो म्हटलं.

"आता पुरे करा," ते म्हणाले, पण फार प्रेमाने म्हणाले.

शर्यत मंगरूळपीरला होती. मी ठरवून गेले होते की एका जागी उभं राहायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही, पोरीला लाज आणायची नाही. सासूबाई घड्याळ घालून खुर्चीवर बसल्या होत्या आणि शेजारच्या बाईला आपले ठोके दाखवत होत्या. शिटी वाजली. आठ मुली सुटल्या. समीक्षा सहावी.

पहिल्या वळणावर ती पाचवी होती. मी ओठ चावला. समोरच्या बाजूला गेली तेव्हा चौथी. मी समीक्षाच्या बाबांचा दंड धरला. (तो निळा पडला होता हे त्यांनी नंतर सगळ्या पाहुण्यांना दाखवलं.) शेवटच्या वळणावर ती माझ्या समोरून गेली. तोंड उघडं, वेणी सुटलेली, छाती भात्यासारखी वरखाली. वर, खाली, वर. माझे पाय माझ्या परवानगीशिवाय निघाले!

"पळ माय पळ! थांबू नको! पळ माह्यी बाई!"

सहा दिवसांपूर्वी हीच बाई थांब थांब म्हणून वांग्यातून धावत होती. आता मी पदर खोचून चुन्याच्या रेषेच्या बाहेरून तिच्या बरोबरीने सुटले होते. एक चप्पल तिथेच राहिली, दुसरी मीच भिरकावली. लोक ओरडत होते, कोणासाठी ते कळत नव्हतं. समीक्षाने माझ्याकडे पाहिलं, हसली आणि पुढच्या दोघींना मागे टाकून दोरीवर गेली. दुसरी आली!

मी पोचले आणि तिला कवटाळलं. तिची छाती माझ्या पोटावर नुसती आपटत होती, धडधड, धडधड, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या आवाजाची मला भीती वाटली नाही. मी रडत होते आणि ती म्हणत होती, "मम्मी, सोड नं, सगळे पाहून राह्यले."

सगळे खरंच पाहत होते. गळ्यात शिटी आणि हातात कागद घेतलेले पंच माझ्यापर्यंत आले, माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "ताई, तिसरा नंबर तुमचाच लागत होता. पण काय करता, तुमी वयात नाई बसत."

मला धाप लागली होती, तरी मी पदराने घाम पुसला आणि विचारलं, "किती टाकू ते सांगा!"