मोहाला घातलेला वळसा

मी तापीकाठचा. आमच्याकडे वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात, त्यामुळे हद्द म्हणजे दोरी ताणून आखलेली सरळ रेघ, असंच मी लहानपणापासून धरून चाललेलो. त्यात स्वभाव आगाऊ. अशा माणसाला मोलगीच्या वरच्या डोंगरातल्या दोन शेजारी गावांना जंगलाची हद्द मोजायला शिकवण्याचं काम मिळालं आणि मी मोठ्या तोऱ्यात जीपमध्ये बसलो.

दोन्ही गावांना आपापल्या जंगलावर सामूहिक वनहक्क हवा होता. मधली हद्द दोघांनी मिळून चालायची, मोबाइलवर तिची नोंद करायची, नकाशा काढायचा आणि दोन्ही ग्रामसभांनी त्यावर सह्या-अंगठे करायचे. एवढं झालं की दावा पुढे जाणार होता.

होळी नुकतीच झाली होती. मी शाळेच्या ओट्यावर तक्ते रंगवत बसलो आणि दोन्ही गावांची सात-आठ बाया-माणसं मी शिकवल्याप्रमाणे हद्द चालून आली. नोंद उघडली, तर ओढ्यापासून टेकडीपर्यंत रेघ छान सरळ, फक्त मध्येच तिला एक गरगरीत पोट सुटलेलं. मला हसू आलं. म्हटलं, मोबाइल भरकटला असेल, नाहीतर ही मंडळी सावली शोधत हिंडली असतील. कोणाला विचारायची तसदीही घेतली नाही. नकाशा पेन्सिलीनं कागदावर उतरवताना ते पोट गाळलं, रेघ सरळ केली आणि स्वतःवरच खूश झालो.

सह्यांच्या दिवशी शाळेच्या खोलीत नकाशा चटईवर पसरला. अलीकडच्या गावची एक आजी वाकून बघत राहिली. मग हद्द चालून आलेल्या एका बाईला तिनं पावरी बोलीत काहीतरी विचारलं. ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, आजी तिचा मोह कुठे आहे ते विचारतेय. पावसाळ्यापर्यंत तिच्या घराला त्याच झाडाच्या फुलांचा आधार असतो. चालताना त्यांनी नोंदवलेली मोहाची खूण शोधून मी ऐटीत बोट ठेवलं. बोट सरळ रेघेच्या पलीकडे, दुसऱ्या गावाच्या जंगलात पडलं.

आमच्याकडे अशा वेळी काय होतं ते मला ठाऊक होतं. आता काठ्या निघणार आणि दोन गावांचं जुळलेलं सगळं माझ्यामुळे मोडणार, असं वाटून मी दाराकडेही एकदा बघून घेतलं.

पलीकडच्या गावचे एक म्हातारबाबा उठले. शाळेत शिकलेली मराठी आठवत आठवत, सावकाश बोलले. "मोह तिचा आहे. ती खाली झाडून ठेवते, तिथं फुलं पडतात. तिथं आम्ही पाय देत नाही. म्हणून आम्ही आमच्या बाजूनं वळून गेलो. तुमच्या कागदानं ते का नाही दाखवलं?"

फुलं वेचायला मोहाखालचा पाला जाळू नका, झाडून काढा, हे मोजणी शिकवायच्या शिबिरात मीच घसा कोरडा करून सांगितलं होतं. आणि त्या झाडलेल्या जागेला दोन गावं किती मानतात, हे मला ठाऊकच नव्हतं. लाजेनं माझी पुस्तकी मराठी पळून गेली आणि तोंडातून घरची बोली बाहेर पडली, "चूक मन्ही शे." त्यावर जो हशा पिकला, त्यात मीही सामील झालो. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मी खोडरबर आणि पेन्सिल उचलली, तर त्या बाईनं ती काढून घेतली, सरळ रेघ पुसली आणि पोट पुन्हा काढलं, माझ्यापेक्षा सुबक. पहिला अंगठा म्हातारबाबांनी उमटवला. त्या वळशात जमीन जात होती ती त्यांच्याच गावची.

पुढे नंदुरबारच्या कार्यालयात साहेबांनी नकाशा डोळ्यांजवळ धरला आणि त्या जागी पेन टेकवलं. म्हणाले, इथं रेघ चुकलीय, सरळ करून द्या.

"चुकली नाही साहेब," मी म्हणालो. "तिथं आजीनं झाडून ठेवलंय."