फाटकाबाहेर गेलेला टिप्पर

कोराडी रोडला आमचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. मिस्त्रीकाम नवऱ्याचं, बाकी सगळं माझ्याकडे. वीजकेंद्राची राख वाहणारा एक टिप्पर आमच्याकडे इंजिनकामाला आला. काम झालं, पण मालकाजवळ मजुरी द्यायला काही नव्हतं. फायनान्सचे हप्तेही थकलेले. तो म्हणाला, “वहिनी, गाडी तुमच्याचपाशी राहू द्या. बाहेर निघाली का ते लोक उचलून नेतील.”

धरमपेठेतल्या आमच्या वकिलांनीही तेच सांगितलं. मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा दुरुस्ती करणाऱ्याला हक्क असतो. पण तो ताब्यावर टिकतो. “फाटकाबाहेर जाऊ देऊ नका.” मी फाटकाला नवं, जड कुलूप लावलं.

एका दुपारी नवरा मौद्याला गेला होता, तेव्हा कोर्टाने नेमलेला अधिकारी गाडी ताब्यात घ्यायचा आदेश घेऊन आला. सोबत पोलीस, फायनान्स कंपनीची दोन माणसं आणि त्यांचा ड्रायव्हर.

“आमची मजुरी बाकी आहे,” मी म्हटलं. “कोर्टानं आमाले तर काही विचारलंच नाही.”

“बाई, गाडी आधीपासून कंपनीकडे तारण आहे. मी आदेश पाळून राहिलो फक्त.”

मी वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, “आदेश आहे तर अडवू नका, उलट तुमच्यावरच गुन्हा लागेल. आपण अर्ज करू.”

“पण गाडी गेल्यावर आमच्या हक्काचं काय?”

“उद्या कागद घेऊन या,” म्हणत त्यांनी फोन ठेवला. मी कुलूप उघडलं. आमची हरकत असल्याचं कागदावर लिहा, एवढंच म्हणू शकले. अधिकाऱ्याने लिहिलं. टिप्पर माझ्या अंगावर धूळ उडवत निघून गेला.

संध्याकाळी नवरा रिकाम्या जागेजवळ उभा राहिला. “गाडी पहिल्याच सेल्फले चालू झाली का वं?”

“झाली.”

तो नळाखाली हात धूत राहिला.

कंपनीने टिप्पर विकला. आमच्या अर्जावर निकाल लागला, तो असा की विक्रीतून आधी कंपनीचं कर्ज फिटेल, उरलं तर आमचं. उरलं काहीच नाही. मजुरीसाठी मालकावर वेगळा दावा लावा, असं वकील म्हणाले.

मालक तेव्हा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झाला होता. रस्त्यात आमचं गॅरेज आलं की मान खाली घालायचा.

“त्याच्यावर काय दावा लावतं वं?” नवरा म्हणाला. आम्ही लावला नाही.