शिंगाळ्याच्या तोंडातली अंडी

तवा तिथं कोकणात, खाडीकाठी, आम्ही पाचच जण होतो. मी, माहे दीर महादेवराव, जावई नितीन, नात आरू, अन् नितीनची शेजारीण फुलाबाई. थे बंदरावर मासे निवडते. माही पोरगी, आरूची माय, नव्हती. थे तापानं गेली, म्हणूनच तं आम्ही आरूले आनाले गेलतो.

पुलगावले गाडीत बसलो. दीर वाटेनं एकच बोलून राह्यले, "वहिनी, बाईबिगर लेकरू वाढत नाई. नितीन काई म्हणो, आयकाचं नाई." मलेबी तसंच वाटे. पनवेलले गाडी बदलली, मंग नुसते बोगदेच बोगदे. रत्नागिरीच्या अलीकडं उतरलो तं हवा अशी चिकट का आंगावरचं लुगडं सुकेच ना.

नितीन आपल्याच इकडचा, देवळीचा. तिथं बर्फाच्या कारखान्यात कामाले आहे. स्टेशनवर आला, पाया पडला, पिशवी घेतली. बोलला काईच नाई. वाळून काटकी झालता. घरी त्यानं भात अन् माशाचं कालवण केलतं, त्यात आमसूल (आंबट फळाची सुकी साल) होतं. आरूले काटे काढू काढू चारलं, सोता दोन घास खाल्ले.

मले राग आला. मी म्हटलं, "बापू, माही पोरगी गेली तं तुमच्या डोळ्यात पाणीबी आलं नाई. तुम्ही लेकरू काय वाढवसान? आरूले आम्ही नेतो."

"बरं मामी," इतकंच म्हणला.

सकाळी आम्ही आरूले घेऊन खाडीवर गेलो. फुलाबाई जाळ्यातले मासे पाटीत टाकून राह्यली होती. त्यात शिंगाळा होता. मिशावाला, बिनखवल्याचा, चिखलात मिशा चाळवत चरते थो. आपल्या नदीतल्या शिंगाडा माशासारखाच.

"भावोजी, हात लावू नका," फुलाबाई दिराले म्हणली. "पाठीवर एक नि बाजूला दोन काटे हायत, इखारी."

"भोयाच्या पोराले मासा धरणं शिकवता का?" दिरानं धरला अन् असे बोंबलले का आरू खदखद हासली.

"नदीचे भोई ना तुम्ही? मग खाडीला कशाला रडताव?" फुलाबाईनं गरम पाणी आणून त्याहीचा हात त्यात बुडवून ठेवला.

आमच्या भोयाईत एक रीत आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी मासा हाती आला का आंगठ्यानं पोट दाबून पाहाचं. गाभोळी (पोटातली अंडी) लागली तं पाण्यात सोडाचा, नाई तं पाटीत. मी एक शिंगाळा काटे सांभाळून धरला. तडफडून राह्यला होता. पोट दाबलं, पार खपाटीले गेलतं. "हा रिकामा," म्हणून पाटीत फेकला. त्याचं तोंड वासलं अन् गोटीएवढी पिवळी अंडी भाईर सांडली.

"अगो बाय, नर तो!" फुलाबाई म्हणली. "मादी अंडी घालून जाते. हा तोंडात घेऊन फिरतो. पिल्लं फुटून पोहायला लागंपर्यंत काय खात नाय, म्हणून असा सुकतो."

मी अंडी वेचून पाण्यात टाकली. थे तशीच बुडाली. मासा हालला नाई.

"आता नाय जगायची ती," फुलाबाई म्हणली. मंग आरूकडं पाहून म्हणे, "तुमचा जावई हिला कडेवर घेऊनच कारखान्यात जातो. वेणी घालायला माझ्याकडून शिकला. बोलत नाय कुणाशी, बोलला तर रडंल."

मी तशीच घरी पळत आली. नितीननं पोरीचे कपडे बांधून ठेवले होते.

"राहू द्या बापू," मी म्हटलं, "आरू तुमच्यापाशीच राहू द्या."

"नाई मामी. तुमचंच खरं. माह्याच्यानं नाई होत."

मी हात जोडले, त्यानं आयकलं नाई. दीर तं तिकिटं काढूनच बसले होते. गाडी हालली तवा थो फलाटावर तोंड मिटून उभा होता.

आता आरू माह्यापाशी आहे. जेवते, खेळते. माह्या हातची वेणी घालू देत नाई. जलमभर मी पोट दाबून मासा वळखला, तोंड पाहाचं कोणी शिकवलं नाई. पण नितीन काटे काढू काढू लेकराले चारते, हे तं मी डोळ्यानं पाह्यलं होतं. पोरीले न्याले या म्हणून फोन लावला का "येतो मामी" म्हणते, येत नाई. दीर आम्हाले पुन्हा तिकडं न्याले तयार नाई, माहे गुडघे गेले.

हे वाचणारं कोणी तिकडं बंदरावर गेलं, तं बर्फाच्या कारखान्यात नितीनले इचारजा. त्याले सांगजा, तुही पोरगी न्याले ये, सासू सोता बोलावून राह्यली.